समुद्राला घातलेला बांध

सन दोन हजार तेवीस. मला शहात्तरावं लागलं होतं, आणि पाण्यातलं माझ्याइतकं कळणारा माणूस आमच्या शिवारात दुसरा नव्हता. हे मी म्हणत नाही, लोक म्हणत. (लोकांना मीच सांगितलं होतं, पण म्हणत लोकच.)

आमचं चार एकर रान पुणतांब्याच्या शिवारात, पाटाच्या अगदी टेलला. टेल म्हणजे पाटाचं शेपूट. धरणातून सुटलेलं पाणी वरची गावं घेतात, मधली गावं घेतात, ज्यांचा हक्क नाही ते मोटार टाकून घेतात, आणि एवढं होऊन काही उरलं तर ते वास घ्यायला आमच्याकडं येतं. अशा ठिकाणी पन्नास वर्षं मी ऊस उभा केला तो नुसत्या फावड्यावर. या सरीतलं पाणी त्या सरीत वळवायचं, ह्याला आमच्याकडं दारं धरणं म्हणतात. शाळा मी दुसरीनंतर सोडली, कारण तिसरीच्या मास्तरांना माझ्याकडून काही शिकून घ्यायची इच्छा दिसली नाही. पण दारं धरण्यात मला तोड नव्हती.

माझा मुलगा दत्ता शिकलेला. शिकलेला म्हणजे त्याला फावडं जड लागतं. तीन वर्षं त्याचं एकच टुमणं चाललं होतं : नाना, ठिबक बसवू. म्हणजे उसाच्या बुडाशी काळ्या नळ्या अंथरायच्या आणि थेंब थेंब पाणी सोडायचं. सलाईनच की! ऊस आजारी नाही, बाळंत नाही, मग त्याला सलाईन कशाला, हे मी तीन वर्षं विचारत होतो आणि त्याला उत्तर सुचत नव्हतं. (तो उत्तर द्यायचा. मी ते धरत नसे.)

त्यात माझी नात स्वाती, कॉलेजात जाणारी, तिनं एका संध्याकाळी ताटावर विषय काढला. तिला मैत्रिणीबरोबर पाठीवर पिशवी टाकून कोकणात समुद्राच्या कडेकडेनं आठ दिवस फिरायचं होतं, कमी पैशात, जिथं रात्र होईल तिथं मुक्काम. दत्ता म्हणाला, धोक्याचं काम आहे, जायचं नाही. आता मुलगा एक म्हणाला की मी दुसरं म्हणायचं, हा आमच्या घरचा नियम. मी म्हणालो, यात कसला धोका? मेंढरं घेऊन हिंडणारी माणसं पिढ्यान् पिढ्या तेच करतात. त्यांनी फोटो काढले नाहीत एवढाच फरक.

दत्ता म्हणाला, "मग तुमीच जाऊन दाखवा."

"जातो की."

"आठ दिवस. फोन करून खुशाली सांगा, त्याला ना न्हाई. पन एकदा जरी म्हनलात, हे पाठव, ते आनून दे, न्यायला ये, तर ठिबक बसनार."

"आन न्हाई म्हनलो तर?"

"तर तुमी हाय तवर मी पान्याला हात लावनार न्हाई."

सून म्हणाली, भाजी घ्या. पण तोवर शब्द गेला होता. स्वातीचं जाणं राहिलं ते राहिलंच, वर तिची नवी पिशवीही मी घेतली. पोरगी चांगली, तिनं पट्टे कसे आवळायचे ते दाखवलं. पिशवीत मी भाकरी, शेंगदाण्याची चटणी, गूळ, चार रताळी आणि एक ताडपत्री भरली, आणि बाहेरून फावडं बांधलं. समुद्रावर फावडं कशाला, म्हणून तिनं विचारलं. मी म्हणालो, जिथं पाणी तिथं फावडं.

सोबतीला याकोब. याकोब माझा लहानपणापासूनचा मित्र आणि तीस वर्षांचा वैरी, कारण तो पाटकरी होता. पाटावरची गेटं उघडायची आणि बंद करायची, ही त्याची सरकारी नोकरी. नोकरीत त्यानं माझं पाणी जितक्या वेळा बंद केलं, त्यापेक्षा एकदा जास्त मी ते उघडलं. तो रविवारी चर्चमध्ये जातो, मी संकष्टी धरतो. देव वेगवेगळे, पाटाची चारी एकच. त्याला नुकतीच पंच्याहत्तर पुरी झाली होती, आणि पंच्याहत्तर झाली की एसटी फुकट. कमी पैशात फिरण्याची जवान पोरं मोठी कला मानतात. म्हातारं होणं हा त्यातला सगळ्यात स्वस्त उपाय आहे, हे त्यांना अजून कळलेलं नाही.

होळी झाल्यावर आम्ही निघालो. प्रत्येक कंडक्टर आधार कार्ड बघे, मग मला बघे, मग फावड्याकडं बघे, आणि मुकाट्यानं शून्याचं तिकीट देई. गाड्या बदलत घाट उतरलो, आणि तिसऱ्या दिवसापासून समुद्राच्या वरच्या अंगानं, रस्त्यारस्त्यानं या गावाहून त्या गावाला पायी चालायला लागलो. एका वाडीत फावडं बघून मालकाला वाटलं आम्ही कामाला आलो आहोत. त्यानं नारळीला आळी करायला सांगितली. आम्ही बारा झाडांना आळी करून दिली आणि दोन वेळचं जेवण व ओसरी मिळवली. शहरातली पोरं असं काम करून राहतात त्याला काहीतरी भारी इंग्रजी नाव आहे, असं स्वातीनं फोनवर सांगितलं. आमच्याकडं त्याला मजुरी म्हणतात.

रोज संध्याकाळी याकोबच्या मोबाईलवरून मी दत्ताला खुशाली सांगे. माझी तब्येत जितकी चांगली निघे, तितका त्याचा आवाज खाली जाई.

चौथ्या दिवशी दुपारी एका गावाशी पोचलो. गावाचं नाव सांगत नाही, तिथली माणसं अजून हसत असतील. वरच्या रस्त्यावरून पाहिलं तर समुद्राचं पाणी पार सुरूच्या झाडांना टेकलेलं. किनाऱ्यालगत शेवंता नावाच्या बाईचं घर होतं. तिचा नवरा मासेमारीच्या बोटीवर महिना-महिना बाहेर, आणि ही पाहुण्यांना खोली भाड्यानं देई. तिनं भाडं सांगितलं. मी म्हणालो, बाई, डोळे मिटायला पैसे पडत असतील तर आम्ही जागे राहू. ती रात्र आम्ही देवळात काढली.

पाचव्या दिवशी सकाळी नऊला खाली किनाऱ्यावर उतरलो आणि बघतो तर पाणी गायब! कालच्या जागी नुसती ओली, सपाट वाळू, आणि समुद्र पार लांब, परक्यासारखा उभा. आता इथं दुसरा कोणी असता तर गोंधळला असता. पण इथं एक पन्नास वर्षं दारं धरणारा आणि एक तीस वर्षं गेटं फिरवणारा उभा होता. मी मूठभर वाळू उचलून दाबली आणि याकोबच्या हातावर ठेवली.

याकोबनं ती चोळली. "रातच्याला बंद झालंय. आवर्तन संपलं."

आवर्तन म्हणजे पाट सुटून बंद होईपर्यंतची पाळी. एकदा संपलं की महिना दीड महिना बघायला नको.

"परत कवा सुटंल?" मी विचारलं.

"आरं, समुद्र म्हंजे समद्या पाटांचा टेल. टेलला गेलेलं पानी माघारी आल्याचं तू कधी बघितलंस का?"

नव्हतं बघितलं. शपथेवर सांगतो, पन्नास वर्षांत एकदाही नाही. तेव्हा प्रश्न मिटला. किनाऱ्यापासून चांगली दोनशे पावलं आत वाळूचा एक उंचवटा होता, कोरडा, गार वाऱ्याचा, फुकट. उरलेले दिवस तिथंच काढायचे ठरवून आम्ही ताडपत्री सोडायला लागलो.

शेवंताबाई खडकाशी वाकून शिंपल्या वेचत होती. ती टोपली घेऊन आली. "आजोबा, हितं नका बसू. तीनला पाणी भरतं."

"तीनला कशावरनं?"

"आज तिथी काय?"

"चतुर्थी. मला उपास हाय."

"मग झालं की. तिथीची पाऊणपट करायची. चार पाऊणे तीन. तीनला पुरी भरती."

पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, मला दुसरीपासून पाठ आहे. चार पाऊणे तीन हे बरोबरच होतं, आणि बाईचा हिशेब इतका बरोबर आला म्हणूनच मला संशय आला. काल खोली खपली नाही, आज भीती घालून खपवते आहे. तरी मी नीट चौकशी केली. म्हणालो, बाई, एवढं पाणी सोडतं कोण, त्याचं नाव सांग.

तिनं वर बोट केलं. "चंद्र."

याकोबनं मान हलवली. "आमच्या खात्यात त्या नावाचा कुनी न्हाई."

बाई टोपली डोक्यावर घेऊन निघाली. जाताना म्हणाली, हाक मारा. मी म्हणालो, गरज पडणार नाही. आता विचार करतो तेव्हा वाटतं, माणसानं दिवसातून एक तरी वाक्य गिळावं.

रताळी खाल्ली, गूळ-शेंगदाणे खाल्ले, उपासाला चालेल तेवढं सगळं खाल्लं आणि झोपलो. वारा इतका गोड की याकोब घोरताना लाटेसारखा वर-खाली होत होता. बारा-साडेबारा झाले असतील, माझ्या पायाच्या अंगठ्याला गार लागलं. डोळे उघडले. समोर समुद्र होता तिथंच होता, थोडा जवळ सरकलेला. पण पाणी मागून आलं होतं! आमच्या आणि किनाऱ्याच्या मधे एक खोलगट चर होता. खाडीच्या तोंडाकडून पाणी त्या चरात शिरून गुपचूप आमच्या पाठीमागं येऊन बसलं होतं. अगदी आमच्या वरच्या गावासारखं.

याकोबला उठवलं. तो घाबरला नाही. सरकारी माणूस आधी कारण शोधतो.

"गळती हाय," तो म्हणाला. "गेट नीट बसलं न्हाई."

"आज दुसरा शनिवार. हापीस बंद. सोडलं कुनी?"

"मग चोरून घेतंय कुनीतरी."

हे मला पटलं. चोरीचं पाणी म्हटल्यावर माझ्या अंगात बळ आलं. मी फावडं सोडलं. आमच्याकडची रीत अशी, की दारं धरायला उतरताना धोतर सोडायचं, घडी घालायची, त्यावर बंडी, बंडीवर फेटा, आणि सगळं बांधावर ठेवायचं. चिखलात धोतर घेऊन उतरतो तो शेतकरी नसतो, फोटोला आलेला पुढारी असतो. बांध नव्हताच, तेव्हा मी आधी बांध घातला. पट्ट्यापट्ट्याच्या चड्डीवर, उपाशी पोटी, पंधरा मिनिटांत दहा हात लांबीचा बांध. त्याच्या टोकाला कपड्यांची घडी ठेवली. याकोबनं विजारीचे पाय गुडघ्यापर्यंत दुमडले आणि दोन्ही हातांनी वाळू थोपटायला लागला. किनाऱ्यावर पर्यटक जमले होते. त्यांतल्या कोणीतरी टाळ्या वाजवल्या. मी हात वर करून त्यांना धीर दिला.

पण काळ्या मातीचा बांध पाणी अडवतो, वाळूचा बांध पाण्याची वाट बघतो. पहिली लाट आली ती बांधाला नुसती शिवली. दुसरी आली ती मधोमध बसली. मी भगदाड बुजवलं तर शेजारी दोन पडली. याकोब ओरडला की हे एका फावड्याचं काम नाही, खात्याला कळवायला पाहिजे. मी म्हणालो, तूच खातं आहेस, बुजव. तेवढ्यात तिसरी लाट आली आणि बांध गेला. बांध गेला म्हणजे बांधावरचं सगळं गेलं. आधी फेटा सुटला. इतका सरळ उलगडत गेला की आमची चारी कधी तेवढी सरळ नव्हती. त्यामागून धोतर निघालं. बंडी बुडाली. पैसे बंडीत, आधार कार्ड बंडीत, बंडी समुद्रात. ताडपत्रीला घेऊन स्वातीची पिशवी तरंगत निघाली. समुद्राच्या कडेनं फिरायला घेतलेली पिशवी ती, पण ती थेट आतच गेली.

आता उंचवट्यावर मांडीइतकं पाणी होतं आणि मागच्या चरात किती, ते दिसत नव्हतं. मला गोदावरीत पोहता येतं. पण गोदावरी एका बाजूनं येते आणि दुसऱ्या बाजूनं जाते, तिच्या मनात काय आहे ते कळतं. हे पाणी चारी बाजूंनी येत होतं. याकोबनं शर्टाच्या खिशातून मोबाईल काढून टोपीखाली धरला होता.

"रंग्या, दत्ताला फोन लावतो."

"लावायचा न्हाई."

"बुडून मरू."

"मरू. पन फोन लावायचा न्हाई. फोन लावलास की नळ्या आल्या."

"आरं, तुझ्या नळ्यांपायी मी का मरू?"

हा प्रश्न बरोबर होता. मी त्याला उलटा विचारला, की दत्ता तिकडून काय करणार आहे? पुणतांब्यात बसून गेट बंद करणार आहे? याकोब विचारात पडला. त्याच्या नोकरीत त्याला असे फोन फार येत, आणि त्यानं त्यांतल्या एकावरही कधी गेट बंद केलं नव्हतं.

तेवढ्यात शेवंताबाई पाण्यातून येताना दिसली. कासोटा मारलेला, हातात काठी, कमरेएवढ्या पाण्यातून अशी चालत आली, जशी आमची सून अंगणातून येते. वाळूचा दांडा कुठं आहे ते तिला पायांना माहीत होतं. ती जवळ आल्यावर मी आधी खुलासा केला.

"बाई, मी हाक मारलेली न्हाई. ध्यानात ठेव."

"नाय मारली," ती म्हणाली. "मी आपली फिरायला आली. चला."

तिनं माझा हात धरला, मी याकोबचा धरला, आणि लहान पोरांना शाळेत नेतात तसं आम्हाला बाहेर काढलं. पर्यटकांनी वाट सोडली. त्यांच्यातली एक बाई आपल्या नवऱ्याला म्हणाली, बघा, ह्या वयात किती उत्साह. मी फावडं खांद्यावर टाकून, पट्ट्यापट्ट्याच्या चड्डीवर, मान ताठ ठेवून त्यांच्यामधून गेलो. घड्याळात तीन वाजायला अजून पुष्कळ अवकाश होता. पुरी भरती व्हायचीच होती.

शेवंताबाईनं चहा दिला, बिनभाड्याची खोली दिली, आणि एकही शब्द टाकून बोलली नाही, हेच मला जास्त लागलं. प्रश्न राहिला कपड्यांचा. नवऱ्याचे कपडे नवऱ्याबरोबर बोटीवर. याकोबची विजार माझ्या गुडघ्याच्या वर चढेना. शेवटी तिनं एका पाहुण्याची विसरलेली अर्धी विजार काढून दिली. हिरव्यागार रंगाची, तिच्यावर अननस, आणि दोन्ही मांड्यांवर एक एक लाल चोचीचा पोपट. वर टीशर्ट. त्यावर काय लिहिलं होतं ते मी याकोबला वाचायला सांगितलं. तो म्हणाला, नको.

चंद्र उगवल्यावर उपास सोडला. त्याला नमस्कार करताना मी नेहमीपेक्षा जरा जास्त वाकलो. मग याकोबच्या मोबाईलवरून दत्ताला फोन केला आणि सांगितलं की मजेत आहे, पाणी भरपूर आहे. तो हिरमुसून म्हणाला, बरं. पाच दिवस झाले होते, तीन उरले होते. पैज माझ्या मुठीत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो, बाईच्या ओसरीवर उभा राहिलो आणि खाली बघितलं. पोपट वर बघत होते.

याकोब म्हणाला, "तीनच दिवस. गप ऱ्हायचं, गप घरी जायचं. पानी जलमभर तुझं."

तो शहाण्यासारखं बोलत होता. माझ्या तिकिटापुरतेच पैसे त्याच्याकडं होते. पण मी मनातल्या मनात ती वाट चालून बघितली. नगरचा स्टँड. तिथं आपल्याकडचं कोणी ना कोणी असतंच. मग कोपरगाव. कोपरगावच्या स्टँडसमोर माझे व्याही रोज सकाळ-संध्याकाळ चहाला बसतात, आणि लेकीच्या लग्नात मानपानावरून मी त्यांना जे बोललो होतो ते त्यांनी जपून ठेवलं आहे. मग गावच्या फाट्यापासून पारावरून, सोसायटीच्या दारावरून, पायी घरापर्यंत. हिरव्या विजारीत. जन्मात मी धोतर-फेट्याशिवाय उंबरा ओलांडला नव्हता. शेवंताबाईकडून चार पैसे उसने मागून लुंगी घेता आली असती. पण जिचं कालपासून एकही वाक्य मी धरलं नव्हतं, तिच्यापुढं हात कसा पसरायचा?

एका पारड्यात पन्नास वर्षांचं पाणी होतं, दुसऱ्या पारड्यात पोपट. मी फोन मागितला.

"दत्ता, ठिबक बसव."

"नाना, बरे हाय ना तुमी?"

मी त्याला सांगितलं की इथं येऊन मी पुष्कळ विचार केला. पाण्याची नासाडी बरी नव्हे. जग पुढं चाललं आहे, आपणच कशाला मागं राहायचं? तरण्या माणसांच्या हातात कारभार द्यावा. मी इतकं चांगलं बोललो की माझं मलाच पटलं. दत्तालाही पटलं. म्हणाला, नाना, मी तुम्हाला ओळखलंच नव्हतं, एवढं मोठं मन. घरातल्यांना हाका मारून तो सांगायला लागला की नाना आपणहून हो म्हणाले, कुणाच्या पैजेवरून नाही.

इथंच फोन ठेवला असता तर आज माझं नाव राहिलं असतं. पण मला पुढचं वाक्य बोलायचं होतं.

"आन न्यायला ये. येताना माझं एक धोतर आन."

पलीकडं हाका मारणं थांबलं. मग दत्तानं अगदी अदबीनं विचारलं, "कंचं आनू नाना? रोजचं का जरीकाठाचं?"

मी एकदा खाली पोपटांकडं बघितलं, आणि म्हणालो, "जरीकाठाचं आन."